यादीतलं पहिलं नाव

मंगळवार, १३ मार्च २०१८

आज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मॅनेजर फिन्टन टूही यांनी रिसेप्शनच्या काउंटरवरून माई रुवाच्या हातात एक पाकीट दिलं. वेळ मी माझ्या मनगटावरच्या घड्याळात पाहिली. भिंतीवरचं घड्याळ, आश्रय मागणाऱ्यांचं हे केंद्र पूर्वी हॉटेल होतं तेव्हापासून, बंद आहे.

आत चार ओळी. श्रीमती लव्हनेस बाड्झा (म्हणजे आमची माई रुवा) व त्यांची मुलगी रुवाराशे यांना शुक्रवार, २३ मार्च रोजी सकाळी नऊ वाजता दुसऱ्या केंद्रात हलवण्यात येत आहे. माणशी दोन बॅगा. कारण: निवासव्यवस्थेची गरज. ते दुसरं केंद्र पार पश्चिमेला, समुद्रकाठी, बसने चार तासांवर. आणि इथे अकरा खोल्या रिकाम्या पडल्या आहेत. कसली गरज आणि कुणाला?

रुवा सतरा वर्षांची आहे. सहा जूनला तिची शालान्त परीक्षा सुरू होते, म्हणजे बारा आठवडे राहिले. गावातल्या शाळेने कॉलेजच्या शिष्यवृत्तीसाठी तिचं एकटीचं नाव पाठवलंय. शाळा सुटली की शिष्यवृत्तीही सुटली. हरारेच्या परीक्षा मंडळात मी एकतीस वर्षं काढली. ऐन परीक्षेच्या तोंडावर शाळा बदललेली मुलं उत्तरपत्रिकेवरून ओळखू येतात. पहिली चार पानं भरलेली, पुढची कोरी. डब्लिनच्या ऑफिसात हे कुणाला ठाऊक नसेल. किंवा ठाऊक असेल, आणि ते जास्त वाईट.

माई रुवाने ते पाकीट घेतलं कसं? गुडघे किंचित वाकवून, दोन्ही हातांनी, आणि मग हात पोकळ करून दोनदा हलकी टाळी. आपल्याकडे पाण्याचा पेला घेताना वाजवतात तशी.

"अगं, फाशीचा हुकूम दिला तरी टाळी वाजवशील तू," मी म्हणाले.

"हात आधी चालतात, वाचिहेरा. डोकं मागून येतं."

वाचिहेरा म्हणजे मी. एलंड हरणाच्या कुळातल्या बायकांना आमच्यात अशीच हाक मारतात, आणि त्या कुणाचं ऐकून घेत नाहीत असा त्यांचा लौकिक आहे. लौकिक खरा आहे.

पण मला कळत नाही, तिलाच का? गेल्या महिन्यात स्वयंपाकघराचा अर्ज गेला तो माझा. तीन वर्षं दुसऱ्यांनी शिजवलेलं, दुसऱ्यांच्या वेळेला, रांगेत उभं राहून खातोय. मक्याच्या पिठाचा आमचा साड्झा आम्हाला रांधू द्या, एक चूल द्या, एवढीच मागणी. सव्वीस सह्या. यादी मी स्वतः टाइप केली, मंडळात करायचे तशी: आडनाव आधी, इंग्रजी वर्णक्रमाने, बाड्झा लव्हनेसपासून झ्वारेवाशे पर्पेच्युआपर्यंत. अर्थात मी शेवटी. शाळेच्या हजेरीत शेवटी, चर्चच्या रांगेत शेवटी, इथेही शेवटी. माई रुवाने फक्त सही केली. भांडले मी, मॅनेजरला कोंडवाड्याचा रखवालदार म्हणाले मी, आणि पाकीट तिला.

ह्या लोकांच्या कामाला काही पद्धतच नाही.

बुधवार, १४ मार्च

सकाळी साडेनऊला टूहींच्या ऑफिसात गेले. बसा म्हणाले नाहीत, तरी बसले.

"मिसेस झ्वारेवाशे, निर्णय माझा नाही. डब्लिनचा आहे."

"मग पाकिटावर सही तुमची कशी?"

"मी फक्त पोचवतो."

"पोस्टमनला मी चहा विचारते, मिस्टर टूही. तुम्हाला विचारत नाही, त्याअर्थी तुम्ही पोस्टमन नाही."

त्यांनी पेन उघडलं, मिटलं. माणूस वाईट आहे असं मी म्हणणार नाही. मऊ आहे. वरून दाबलं की खाली पसरतो.

"माई रुवाचं नाव डब्लिनला कुणी कळवलं?"

"कळवायचं काय त्यात? यादी तुमचीच होती. फार नीटनेटकी होती, असं म्हणाले ते."

निदान तेवढं तरी त्यांना मान्य करावं लागलं. सिस्टर बेनेडिक्टा ऐकायला हव्या होत्या. ह्याच देशातून, बहुधा ह्याच जिल्ह्यातून त्या आमच्या कॉन्व्हेंटमध्ये आल्या होत्या, आणि त्यांनीच आम्हाला शिकवलं की तक्रार करायची तर तारीख, वार, वेळ घालून, समास सोडून, आणि आवाज न चढवता करावी. पहिल्या दोन गोष्टी मला चांगल्या जमतात.

दुपारी धुण्याच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. मशीन चालू ठेवली की बोलणं बाहेर जात नाही. असं ठरलं की उद्यापासून रात्रीचं जेवण घ्यायचं, ताट समोर ठेवायचं, अर्धा तास हात बांधून बसायचं आणि न खाता उठायचं. मुलांनी जेवायचं. हे मी सुचवलं. माई रुवा इस्त्री करत कोपऱ्यात उभी होती. मी विचारलं, "तुझं काय म्हणणं?" तर म्हणाली, "तुम्ही म्हणता ते बरोबरच असणार." हिच्यासाठी एवढं चाललंय आणि हिला मत नाही. मेंढरू आहे नुसतं.

गुरुवार, १५ मार्च

सकाळी लिफ्टच्या शेजारी नोटीस लावली. सुवाच्य, दोन रंगांत. दहा मिनिटांत टूहींनी फाडली.

माई रुवाची मला काळजी वाटते. दिवसभर इस्त्रीचे कपडे वाटत खोल्याखोल्यांतून हिंडत होती. एकेका दारात वीस-वीस मिनिटं. आठवड्यावर बस आलीय आणि हिला गप्पा सुचतात. मी टोकलं.

"लोकांचे कपडे अडकले होते, वाचिहेरा. जायच्या आधी देऊन टाकते."

मग सहज विचारलं, हरारेला कापड कारखान्यात होतीस ना, तिथे काय काम करायचीस?

"माणसं मोजायचे."

"म्हणजे हजेरीची कारकून."

"तसंच काहीसं," म्हणाली, आणि पुढच्या दारावर टकटक केलं.

संध्याकाळी सहा वाजता जेवणघरात सव्वीसच्या सव्वीस जणांनी ताट घेतलं, समोर ठेवलं आणि हात बांधले. वर ज्यांनी अर्जावर सहीसुद्धा केली नव्हती असे नऊ जण येऊन बसले, त्यांत दोन नायजेरियन कुटुंबं. चमच्याचा आवाज नाही. वाढणाऱ्या बाईचे डोळे भरून आले. मासे होते, नेहमीसारखे पांढरे आणि दुःखी. साडेसहाला आम्ही उठलो.

नोटीस दहाच मिनिटं होती, पण परिणाम पाहा.

शनिवार, १७ मार्च

संत पॅट्रिकचा दिवस. बर्फ पुन्हा पडलं. गावात मिरवणूक निघाली. रुवा शाळेच्या बँडमध्ये ढोल वाजवत गेली, नाक लाल, डोक्यावर हिरवी टोपी. रस्त्याच्या कडेचे लोक तिला नावाने हाका मारत होते. टूहींनीही मारली. माणसाची जीभ एका वेळी किती कामं करते.

तीन दिवस रात्रीचं जेवण नाही. दिवसा पाव खातो. मला चक्कर वगैरे काही आली नाही. जिन्यावर एकदा आली.

माझ्या खोलीतली मनाना जॉर्जियाची आहे, साठीची, हातात जपमाळ आणि जिभेवर मिरची. ती खाली जाते आणि जेवून येते. आज मी ऐकवलंच.

"तुला लाज नाही वाटत?"

"मी कशाला लाजू? सही मी केली नाही."

"तेच विचारतेय. का नाही केलीस?"

"मला विचारलं कुणी?" तिने माळ बाजूला ठेवली. "तू ह्याच खोलीत बसून यादी टाइप केलीस. तीन दिवस टकटक टकटक. सगळी तुमची माणसं. मी त्या पलंगावर बसलेली, तुला दिसले का? मला मक्याचं पीठ नको असेल. चूल नकोय असं कुणी सांगितलं तुला?"

मी म्हणाले की अर्जाचं स्वरूप मर्यादित होतं.

"तुझं मन मर्यादित आहे," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. भर दुपारी.

तिचं बरोबर आहे. एवढं लिहून ठेवते, तिला सांगणार नाही.

मंगळवार, २० मार्च

काल सुट्टी होती. आज अकरा वाजता डब्लिनहून साहेब आले, मिस्टर गिलहूली. तरुण, पॉलिश केलेले बूट, गळ्यात ओळखपत्र. म्हणजे उपासाची दखल घेतली गेली. हॉटेलच्या नाचघरात, झुंबराखाली, खुर्च्या मांडल्या होत्या. आम्ही पन्नासेक जण असू.

मी उभी राहून पाच मुद्दे वाचले. रुवाची परीक्षा, शिष्यवृत्ती, अकरा रिकाम्या खोल्या, कारणाचा खोटेपणा, आणि अर्ज केला म्हणून शिक्षा होत नसते हे तत्त्व. त्यांनी मान हलवत ऐकलं. मग म्हणाले की प्रत्येक निर्णय साकल्याने घेतला जातो, तिकडेही उत्तम शाळा आहेत, आणि सगळ्या शंकांची उत्तरं ह्या माहितीपत्रकात आहेत. मग स्वतः रांगांमधून फिरून एकेकाच्या हातात कागद देऊ लागले.

कागद तसा काहीच नव्हता. पत्ते आणि फोन नंबर. आम्ही तो घेतला.

साडेबाराला साहेब गेले. जाताना फार खुशीत दिसले. मला वाटतं, माझा तिसरा मुद्दा लागू पडला.

बुधवार, २१ मार्च

लागू पडला नाही.

दुपारी दोनला टूहींनी मला ऑफिसात बोलावून डब्लिनच्या उत्तराची छापील प्रत दिली. बहुधा त्यांना स्वतः वाचून दाखवायची लाज वाटली. एक वाक्य इथे उतरवून घेते: "बैठकीत निर्णयामागील भूमिका समजावून देण्यात आली असता उपस्थित रहिवाशांनी तिचं टाळ्या वाजवून स्वागत केलं. सबब निर्णय कायम."

टाळ्या. मी दोनदा वाचलं, मग मला काल दिसलं ते पुन्हा दिसलं. साहेब रांगेतून येताहेत, कागद पुढे करताहेत, आणि आमची एकेक बाई गुडघे वाकवून, दोन्ही हातांनी तो घेऊन, पोकळ हातांनी टप टप टाळी वाजवतेय. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत. पुरुषांनीही. आणि मी, पाच मुद्दे मांडणारी मी, मीसुद्धा वाजवली. आईने तीन वर्षांची असताना लावलेली सवय. घेताना जो टाळी वाजवत नाही त्याला हिसकावून घेणारा म्हणतात.

धुण्याच्या खोलीत जाऊन सगळ्यांना वाचून दाखवलं. मग माई रुवाच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. हसत हसत मशीनला टेकून खाली बसली.

"तरीच," ती म्हणाली, "तरीच माझ्याकडे आला तेव्हा मान लववून थँक्यू म्हणाला."

"यात हसण्यासारखं काय आहे?"

"वाचिहेरा, तुम्ही तर दोनदा वाजवलीत. एकदा कागदाला आणि एकदा त्याने पेन खाली पाडलेलं तुम्ही उचलून दिलंत, त्याने ‘ठेवा तुम्हालाच’ म्हणून परत दिलं, तेव्हा."

मग सगळे हसले. मीही हसले. चांगली दोन-तीन मिनिटं हसलो, ज्या बाईला परवा उचलून नेणार आहेत तिच्यासकट.

पण खरी गोष्ट पुढे आहे, आणि ती मी टाळत नाही.

उत्तराला जोडपत्र होतं. आमच्याच अर्जाची झेरॉक्स, चुकून जोडली गेली असावी. माझी यादी. पहिल्या नावावर पिवळ्या शाईचा पट्टा आणि समासात हाताने लिहिलेलं: "संयोजक. आधी हिला हलवा." बाकी पंचवीस नावांवर काही नाही. शेवटच्या नावावर तर कुणाची नजरसुद्धा पोचली नसेल.

म्हणजे पद्धत होती. पद्धत मीच दिली होती. जो माणूस यादी वरून वाचायला लागतो त्याला वाटतं, वरचा तो पुढारी. एकतीस वर्षं मी याद्या केल्या आणि हे मला सुचलं नाही, कारण त्या याद्यांवरून कुणाला कुठे बसवायचं एवढंच ठरायचं. आणि मी आयुष्यभर शेवटी असल्याची कुरकुर केली. शेवटची जागा किती उबदार असते हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळतंय.

तिच्या खोलीत गेले. रुवा गुडघ्यावर भूगोलाचं पुस्तक घेऊन बसली होती. मी कागद माई रुवापुढे ठेवला आणि सांगितलं की हे माझ्यामुळे झालं. असं वाक्य मी फारसं वापरलेलं नाही, त्यामुळे नीट आलं नाही.

तिने कागद पाहिला. "हो. मला पाकीट हातात पडलं तेव्हाच वाटलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही रागात होता. तुमचा राग कामाला येत होता. तुम्हाला शरमेत घालून मला काय मिळालं असतं?"

रुवाने पुस्तकातून डोकं वर काढलं. मला ती अंबुया म्हणते, म्हणजे आजी. "अंबुया, पण त्यांनी आईला संयोजक कसं काय ओळखलं, हे भारी आहे नाही?"

"रुवा, अभ्यास कर," तिची आई म्हणाली.

पोरीलाही विनोद सुचतो. जिने उभ्या जन्मात चार माणसं एका जागी जमवली नाहीत, तिला संयोजक ठरवलं. बिचारी.

गुरुवार, २२ मार्च

साडेनऊला पुन्हा टूही. मी सांगितलं, अर्ज मी लिहिला, यादी मी केली, भाषा माझी, चुका असल्या तर त्याही माझ्या. यादी खालून वाचा आणि मला हलवा.

"तुम्हाला हलवता येणार नाही. पासष्टच्या वर डॉक्टरांचा दाखला लागतो."

"मग डॉक्टरला बोलवा."

"डॉक्टर मंगळवारी येतो." त्यांनी डोकं हातात धरलं. "मिसेस झ्वारेवाशे, मला तीन मुलं आहेत. मोठी रुवाच्या वर्गात आहे. ती आठवडाभर माझ्याशी बोललेली नाही."

"मुलगी हुशार दिसते," मी म्हणाले आणि उठले.

दुपारी चारला धुण्याची खोली. इतकी माणसं की मशीनवर बसली होती. माझ्याकडे नवी योजना नव्हती, हे कबूल करते. मला फक्त राग आला होता. माई रुवाने हळूच विचारलं, "वाचिहेरा, ती बस केवढी असते?"

"सोळा सीटांची. आधी नेलं होतं दवाखान्यात, तीच."

"आणि सही केली म्हणून हलवायचं, असंच ना?"

"असंच. मग सही तर सव्वीस जणांनी केलीय," मी म्हणाले. "सव्वीस जणांना हलवा म्हणावं."

हे मी नुसतं तिरसटपणे बोलले होते. पण खोलीत सगळ्यांनी माना डोलावल्या, जणू मी काही मोठी युक्ती सांगितली. ठरलंच मग: उद्या नऊ वाजता सगळ्यांनी बॅगा भरून बसपाशी उभं राहायचं. नेणार तर सगळ्यांना न्या.

माझ्या तोंडून निघालेली गोष्ट लोक इतक्या चटकन उचलतात हे पाहून बरं वाटलं. एकच नवल. माझी बॅग भरायला मला दोन तास लागले, आणि बाहेर आले तर कॉरिडॉरमध्ये सगळ्यांच्या बॅगा भरून, दोऱ्या बांधून, नावाच्या चिठ्ठ्या लावून तयार. चिठ्ठ्या सगळ्या एकाच अक्षरातल्या. कुणाचं ते आठवेना.

शुक्रवार, २३ मार्च

पाऊस नाही, वारा नाही. साडेआठला रुवा गणवेश घालून, दप्तर घेऊन शाळेत गेली. तिची आज भूगोलाची चाचणी होती. आईने तिला जवळ घेतलं नाही, निरोप दिला नाही, फक्त कॉलर सरळ केली.

पावणेनऊला आम्ही आवारात होतो. रांग कशी लावायची यावर थोडा गोंधळ झाला, तो मी मिटवला. यादी उलटी. झ्वारेवाशे पहिली, बाड्झा शेवटची. हे मात्र पूर्ण माझं डोकं. तिच्या आधी पंचवीस माणसं बसायची आणि बसमध्ये सीटा सोळा.

नऊला पाच कमी असताना बस आली. ड्रायव्हर नोएल, गोल चेहऱ्याचा, तोच दवाखान्यात नेणारा. खिडकीची काच खाली करून त्याने रांग पाहिली.

"आज जत्रा कुठे आहे?"

"आम्हाला न्यायला आला आहात ना? दार उघडा," मी म्हणाले.

"बाईसाहेब, माझ्या कागदावर दोन नावं आहेत."

"ती रांगेच्या शेवटी आहेत. रांग तर मोडता येत नाही. तुमच्याच लोकांनी आम्हाला तीन वर्षं शिकवलंय."

त्याने दार उघडलं. मी चढले. माझ्या मागे एकेक करत पंधरा जण चढले, बॅगा मांडीवर घेऊन. बस भरली. उरलेले बाहेर शांत उभे. कुणी घोषणा दिली नाही, कुणी रस्ता अडवला नाही. पोलीस आले असते तर त्यांना दिसलं असतं की लोक बसमध्ये बसायला राजी आहेत.

टूही धावत आले. स्वेटर उलटा घातलेला. "मिसेस झ्वारेवाशे, उतरा."

"कुठे जायचंय ते सांगा, मग उतरायचं कुठे ते ठरवते."

तेवढ्यात रांगेत गडबड. मनाना येत होती. चौकड्यांची बॅग, काखेत उशी, हातात कॉफीचं भांडं. ती रांगेच्या टोकाला, माई रुवाच्याही मागे जाऊन उभी राहिली. तिच्या मागे आणखी जॉर्जियन, मग ती नायजेरियन कुटुंबं, मग एक सुदानी म्हातारा, ज्याला मी कधी खोलीबाहेर पाहिलं नव्हतं. यांतल्या एकानेही अर्जावर सही केलेली नव्हती. यांना सांगितलं कुणी? मी तर नाही. इस्त्रीचे कपडे मात्र सगळ्यांच्या अंगावर होते.

खिडकीतून मी मनानाला ओरडून विचारलं, "तू कशाला आलीस?"

"तू गेलीस तर भांडू कुणाशी?"

नोएलने डब्लिनला फोन केला. डब्लिनने थांबा सांगितलं. वाढणाऱ्या बाईने त्याला चहा आणून दिला, तो त्याने पायरीवर बसून प्यायला. पुन्हा फोन. माई रुवा आपल्या जागी, बॅगेवर बसून, बाहेरच्या माणसांकडे एकेक करून बघत होती. ओठ हलत होते. प्रार्थना म्हणत असेल, किंवा मोजत असेल.

दहा वाजून पन्नास मिनिटांनी नोएल म्हणाला, "बाईसाहेब, मला रिकामं परत यायला सांगितलंय. तुम्ही उतरलात तर मी दुपारच्या जेवणाला घरी पोचेन."

"आम्ही तुमचं जेवण कशाला अडवू," मी म्हणाले, आणि आम्ही उतरलो.

बस गेली. टूही म्हणाले, "पुढे ढकललंय. बहुतेक परीक्षेपर्यंत. मी तोंडी सांगतोय."

लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. मी मारल्या नाहीत. तोंडी.

चाचणीत रुवाला वेळ पुरला, असं ती म्हणाली.

शनिवार, २४ मार्च

सकाळी धुण्याच्या खोलीत पत्राचा मसुदा वाचला. आता सह्या एकेचाळीस. मनानाने सर्वांत मोठी केली, दोन ओळींत.

माई रुवा म्हणाली, "नावं चकतीसारखी गोल लिहा, वाचिहेरा. वर कुणी नको, खाली कुणी नको." कल्पना वाईट नव्हती. मी विचार केला आणि नाही म्हणाले. गोल लिहिलं तर ते पुन्हा त्यांना हवं ते नाव निवडतील, आणि एकदा निवडलेलं त्यांच्याकडे आहेच.

"पहिलं माझं," मी म्हणाले.

"तुमची आश्रयाच्या अर्जाची मुलाखत एप्रिलमध्ये आहे. तीन वर्षं वाट पाहिलीत. तोच कागद तिथे फाइलमध्ये जाईल."

हे मला ठाऊक होतं. हरारेला मी एका बड्या माणसाच्या पुतण्याचे गुण वाढवले नाहीत म्हणून मला देश सोडावा लागला, आणि तेव्हासुद्धा माझी सही कागदाच्या तळाशी होती, चौथी. भीती वाटली का? वाटली. नोंद करून ठेवते.

"एलंडच्या बायका विचारत नाहीत, सांगतात," मी म्हणाले.

"ते तर सगळ्या हॉटेलला माहीत आहे," ती म्हणाली. पेन तिने माझ्या हातात दोन्ही हातांनी दिलं. मी टाळी वाजवली, सही केली, आणि दुसरं नाव कुणाचं ते तिच्यावर सोडलं. मूळ प्रत रजिस्टर पोस्टाने गेली. इथे नक्कल:

मिस्टर गिलहूली यांस,

१३ मार्च २०१८ रोजी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी श्रीमती लव्हनेस बाड्झा यांना देण्यात आलेला स्थलांतराचा आदेश, तुमच्याच कार्यालयाच्या हस्ताक्षरात नोंदवल्याप्रमाणे, त्यांचं नाव अर्जावर पहिलं होतं म्हणून देण्यात आला. ते नाव तिथे मी ठेवलं होतं, वर्णक्रमाने. नोंदीची प्रत सोबत जोडली आहे. तुमच्याकडूनच आली आहे.

२० मार्चच्या बैठकीत वाजलेल्या टाळ्या कागद हातात मिळाल्याच्या होत्या. आमच्यात कुणी काही दिलं की ते वाचण्याआधी तेवढं करण्याची रीत आहे. वाचल्यानंतरचं आमचं मत २३ मार्च रोजी नऊ ते दहा वाजून पन्नास मिनिटं तुमच्या बसने पाहिलं.

ह्या पत्रावर एकेचाळीस सह्या आहेत, कुठल्याही क्रमाने नाहीत. पहिली माझी आहे. कुणाला हलवायचं असल्यास तिथून सुरुवात करावी; डॉक्टर मंगळवारी येतात.

आमच्या मागण्या अशा. श्रीमती बाड्झा व त्यांची मुलगी शालान्त परीक्षा संपेपर्यंत इथेच राहतील. अर्ज केल्याबद्दल ह्या केंद्रातून कुणालाही हलवलं जाणार नाही. आणि चुलीच्या अर्जाचा विचार, तो ज्यासाठी केला त्याच गोष्टीवर, म्हणजे चुलीवर होईल.

मिस्टर टूही यांनी तोंडी काही सांगितलं आहे. ते आम्ही ऐकलं. फोन, भेट, बैठक किंवा माहितीपत्रक हे उत्तर समजलं जाणार नाही. उत्तर लेखी, तुमच्या सहीचं, तारीख घातलेलं, गुरुवार, २९ मार्च २०१८ रोजी सायंकाळी पाच वाजण्यापूर्वी माझ्या हातात पडावं.

पर्पेच्युआ झ्वारेवाशे